घाटमाथ्यावर इंटरनेटची छत्री बसवताना

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी या कंपनीशी हात मिळवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. सुरुवात म्हणून त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांची नावं आहेत, सांगली-साताऱ्याची नाहीत. तरी तेव्हापासून विट्यात, खानापूरच्या घाटमाथ्यावर, आटपाडीकडे आणि तिकडे पाटण-जावळीच्या डोंगरात लोक विचारू लागलेत की ही छत्री आपल्याकडे कधी येणार, आणि आली तर घ्यायची का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. विटा शहरात घर असेल तर बहुतेकांना ती घ्यायची गरज नाही. गावाबाहेरच्या वस्तीवर राहत असाल, वायर पोचत नसेल आणि टॉवरची रेंज गच्चीवरसुद्धा लागत नसेल, तर उपग्रहाचं इंटरनेट तुमच्या कामाचं आहे. मात्र ते एकट्या घराने घेण्यापेक्षा वस्तीने, शाळेने किंवा ग्रामपंचायतीने मिळून घ्यावं. असं का म्हणतो ते समजलं की विक्रेत्याला काय विचारायचं हेही आपोआप कळेल.

आधी जमिनीवरचं तपासा

विट्यातल्या यंत्रमागवाल्याला ई-वे बिल काढायचं असतं, पोल्ट्रीवाल्याला रोजचा अंड्यांचा दर बघायचा असतो, पोरांना क्लासचे व्हिडिओ हवे असतात. या सगळ्याला फायबर पुरतं आणि तेच स्वस्त पडतं. काचेच्या तारेतून जेवढा डेटा जातो तेवढा कुठल्याच उपग्रहातून जात नाही. म्हणून तुमच्या गल्लीपर्यंत केबलवाल्याचं किंवा बीएसएनएलचं फायबर आलं असेल तर उपग्रहाचा विचार तिथेच सोडा.

वस्तीवर मात्र तपास नीट करावा लागतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’चं ‘मायस्पीड’ ॲप मोबाइलवर घ्या आणि वेग एकदाच मोजून निकाल लावू नका. पहाटे मोजा, भर दुपारी मोजा आणि रात्री आठ-साडेआठला, सगळी वस्ती मोबाइल घेऊन बसलेली असताना मोजा. खरा आकडा रात्रीचा. सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती. रात्रीचा आकडा दोनच्या खाली जात असेल तर तुमची तक्रार रास्त आहे.

त्यानंतर हाच मोबाइल घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर किंवा शेतातल्या उंचवट्यावर जा. घाटमाथ्यावर जमीन लहान-मोठ्या टेकड्यांनी मोडलेली आहे. खाली ओघळीतल्या घरात एकही काडी नसते आणि पंधरा-वीस फूट वर गेलं की तीन काड्या येतात, असं पुष्कळदा होतं. तसं असेल तर बाहेर लावायच्या अँटेनाचा ४जी राउटर घ्या, उंच पाइपावर टॉवरच्या दिशेने बसवा आणि वायर घरात आणा. उपग्रहाच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ आहे. जवळचा टॉवर कोणत्या कंपनीचा आणि कुठल्या बाजूला आहे, हे दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर सापडतं. कंपन्यांनाही आता आपापल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. शेजाऱ्याचं सिमकार्ड मागून घेऊन पाहणं तर फुकटच आहे.

तिसरी चौकशी ग्रामपंचायतीत करा. ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी आहे का, तिचा दिवा लागतो का, तिथून वस्तीपर्यंत जोडणी देणारा कोणी नेमला आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. पेटी आहे पण बंद आहे असं कळलं, तर नवी छत्री घेण्याआधी ती चालू करून घेण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. गावासाठी पैसे आधीच खर्च झालेले आहेत.

एवढं करूनही काही हाती लागलं नाही, तर मग आकाशाकडे बघायचं.

दोन प्रकारचे उपग्रह, दोन प्रकारचा अनुभव

विक्रेता ‘सॅटेलाइट इंटरनेट’ एवढंच म्हणेल. तुम्ही विचारायचं, उपग्रह कुठला? कारण अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पहिला प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर हे उपग्रह पृथ्वीच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे खालून बघताना जागेवर स्थिर वाटतात. टीव्हीच्या छत्र्या अशाच उपग्रहांकडे तोंड करून असतात. महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथे १९७१ मध्ये सुरू झालेलं ‘विक्रम’ केंद्र हे देशातलं उपग्रहावरून परदेशी संपर्क करणारं पहिलं व्यापारी केंद्र होतं. तिथल्या अँटेनाचा व्यास तीस मीटरच्या घरात होता. आज त्याच कामासाठी घराच्या छपरावर मीटरभराची ताटली पुरते, कारण उपग्रहच ताकदवान झाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार सुरू झाला तेव्हा गावोगावच्या दलालांचे संगणक अशाच ताटल्यांनी मुंबईला जोडले होते. कित्येक एटीएम, पेट्रोल पंप आणि दूरचे मोबाइल टॉवर अजूनही याच्यावर चालतात. म्हणजे उपग्रहाचं इंटरनेट आपण नकळत वापरतच आलो आहोत.

अडचण अंतराची. सिग्नल वर जाऊन खाली यायला सुमारे ७२ हजार किलोमीटर धावतो, आणि प्रकाशाच्या वेगानेसुद्धा त्याला पाव सेकंद लागतो. तुमचा प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद उलटून जातो. आपल्या भागात हे कुठे जाणवेल ते सांगतो. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली असंख्य माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोन्या-चांदीच्या पेठेत एखाद्या गल्लीत दुकान, आणि आई-वडील गावी. रात्री व्हिडिओ कॉल लागतो. आई विचारते, “जेवलास का?” अर्धा सेकंद तिकडून काहीच येत नाही. तिला वाटतं ऐकू गेलं नाही, म्हणून ती पुन्हा विचारते; नेमकं तेव्हाच त्याचं “हो, आत्ताच” येऊन पोचतं, आणि दोघं एकाच वेळी बोलून एकाच वेळी गप्प होतात. चार-सहा दिवसांत सवय होते, प्रश्न विचारून थांबायला माणूस शिकतो. ऑनलाइन पैसे पाठवणं, सातबारा काढणं, ई-पीक पाहणीचे फोटो चढवणं, साठवलेले व्हिडिओ पाहणं यांत या उशिराने काही बिघडत नाही. पण प्रश्नोत्तरांचा थेट वर्ग किंवा मुंबई-पुण्याच्या कंपनीचं घरबसल्या काम असेल तर तो त्रासदायक होतो.

दुसरा प्रकार खालच्या कक्षेतल्या उपग्रहांचा. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, वनवेब या दुसऱ्या कंपनीचे १,२०० किलोमीटरवर. अंतर कमी असल्यामुळे उशीर काही शतांश सेकंदांवर येतो आणि बोलताना तो जाणवतही नाही. मात्र हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत. काही मिनिटांत एक मावळतो, दुसरा उगवतो, आणि ताटली आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे वळते. त्यासाठी शेकडो-हजारो उपग्रह लागतात. वनवेबचे ७२ उपग्रह आपल्या इस्रोनेच ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडले.

विक्रेता वेगाचा मोठा आकडा सांगतो तेव्हा आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आपला जीसॅट-एन२ हा उपग्रह अमेरिकेतून सोडला गेला. त्याची एकूण क्षमता ४८ जीबीपीएस आणि जमिनीवर सोडलेले लहरींचे झोत (बीम) ३२. म्हणजे सरासरी एका झोताच्या वाट्याला दीड जीबीपीएस, आणि एक झोत कित्येक जिल्ह्यांवर पसरतो. शहरातल्या शंभर एमबीपीएसच्या फायबर जोडण्या घेतल्या, तर पंधरा घरं पूर्ण वेगाने चालली की तेवढ्यातच हा झोत संपतो. म्हणून भूस्थिर उपग्रहाच्या योजनांमध्ये डेटाची मर्यादा असते, आणि ती संपली की वेग खाली येतो. ‘अनलिमिटेड’ हा शब्द कानावर आला की लगेच विचारा, “किती जीबीनंतर वेग कमी होतो, आणि कमी होऊन किती राहतो?” उत्तर लेखी घ्या. साध्या दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ अर्धा-पाऊण जीबी खातो, स्पष्ट दर्जाचा त्याच्या तिप्पट-चौपट. घरात दोन शिकणारी मुलं असतील तर महिन्याचा आकडा तुम्हीच काढू शकता.

जागा कुठली निवडाल

इथे आपल्या भागाला एक नैसर्गिक सोय मिळाली आहे, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी इस्रोचा जीसॅट-११ हा ५,८५४ किलो वजनाचा उपग्रह ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानातून सोडला गेला, आणि त्याला जागा मिळाली ७४ अंश पूर्व रेखांशावर. विटा आहे साडेचौऱ्याहत्तर अंशाजवळ. म्हणजे हा उपग्रह विट्यातून जवळजवळ नेमका दक्षिणेला आणि क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंच दिसतो. इतक्या उंचीवर असल्यामुळे समोरची टेकडी, शेजारचं दुमजली घर किंवा लांबचं वडाचं झाड आड येत नाही. अगदी दक्षिणेला खेटून उभी असलेली भिंत, झाड किंवा टाकी तेवढी टाळायची.

ते बिनचूक पाहायचा एक सोपा मार्ग आहे. १३ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपासचे तीन-चार दिवस, दुपारी साधारण साडेबाराच्या सुमारास, सूर्य आकाशात बरोबर त्याच जागी येतो जिथे हा उपग्रह आहे. त्या वेळी छपरावर जा. जिथे ताटली लावायचा विचार आहे तिथे स्वच्छ ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. नारळाच्या झावळीची किंवा टाकीची सावली तिथे पडत असेल तर जागा बदला. त्याच दिवसांत उपग्रहाच्या मागे सूर्य आल्यामुळे काही मिनिटं इंटरनेट बंद पडतं. त्यासाठी तक्रार करण्याचं कारण नाही, ते आपोआप सुरू होतं. उपग्रह दुसरा असेल तर दिशा बदलते, म्हणून बसवणाऱ्याकडून उपग्रहाचं नाव आणि रेखांश मागून घ्या. उपग्रहाचा रेखांश विट्यापेक्षा जास्त असेल तर ताटली दक्षिणेकडून पूर्वेला वळेल, कमी असेल तर पश्चिमेला.

खालच्या कक्षेतल्या सेवेला हा नियम लागू नाही. तिथे आकाशाचा एक बिंदू मोकळा असून चालत नाही, वरचा मोठा गोल मोकळा लागतो. घराभोवती चिंच-आंब्याची दाट झाडं असतील किंवा घर ओढ्याच्या खोल काठाला असेल, तर दर काही मिनिटांनी उपग्रह झाडाआड जातो आणि कॉल तुटतो. अशा सेवेचं ॲप मोबाइलच्या कॅमेऱ्याने आकाश तपासून अडथळे दाखवतं. पैसे भरण्याआधी ते वापरून बघा. कोयनेच्या किंवा कांदाटीच्या खोऱ्यात, दोन्ही बाजूंना डोंगराच्या भिंती असलेल्या गावात, घरापेक्षा गावातल्या मोकळ्या माळावर ताटली लावून तिथून वायर आणणं शहाणपणाचं.

पावसाचा त्रासही गावागावात वेगळा. उपग्रहाच्या इंटरनेटच्या लहरी पावसाच्या थेंबांनी शोषल्या जातात आणि विखुरतात. लहर जितकी आखूड तितका त्रास जास्त, म्हणून केयू बँडपेक्षा आखूड लहरींच्या केए बँडला पाऊस अधिक नडतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाटण-जावळीच्या पश्चिम भागात आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस झड लागते. तिथे ही सेवा अधूनमधून मंदावणार, हे धरूनच चालायचं. विटा, आटपाडी, माण, खटाव हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. ज्या कोरड्या आकाशाने इथल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या घर सोडून गलाईच्या धंद्याला लावलं, तेच आकाश ताटलीला अनुकूल आहे. इथे अडचण येईल ती वळवाच्या आणि परतीच्या पावसात, जोराची सर असेपर्यंत दहा-वीस मिनिटं.

पण त्याच वळवाबरोबर वीज येते, आणि माझ्या मते या भागात ताटलीचा सर्वांत मोठा शत्रू तीच. उघड्या माळावरचं एकटं घर, त्यावर लोखंडी पाइप आणि पाइपाच्या टोकाला ताटली, ही विजेला आमंत्रण देणारी मांडणी आहे. पाइपाला वेगळं अर्थिंग करून घ्या, घराच्या वायरिंगच्या अर्थिंगवर भागवू नका. बसवणारा घाईत असतो आणि हे काम टाळतो. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. वळवाचे ढग जमू लागले की, गडगडाटाआधीच, प्लग काढायचा आणि ताटलीकडून येणारी वायरही मोडेममधून सोडवायची.

वाराही विसरू नका. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. भूस्थिर उपग्रहाची ताटली अंशभर हलली तरी सिग्नल पडतो. पत्र्याच्या छपरावर ताटली लावू नका, कारण पत्रा वाऱ्याने थरथरतो. स्लॅब असेल तर स्लॅबवर, नाहीतर जमिनीत सिमेंट-काँक्रीट भरून रोवलेल्या जाड पाइपावर लावा. वर्षातून एकदा, उन्हाळा संपताना, बोल्ट घट्ट करून घ्या आणि वायरच्या सांध्यांवरची टेप नवी करा. पावसाळ्यात सेवा मंद झाली की लोक ढगांना दोष देतात, पण पुष्कळदा पाणी सांध्यात शिरलेलं असतं.

वीज, आणि बॅटरीचा हिशेब

गावठाणात बऱ्यापैकी वीज असते. वस्तीवर शेतीच्या लाइनवर जगावं लागतं, आणि थ्री फेज आठ तास, तीही कधी दिवसा तर कधी रात्री. भूस्थिर सेवेचा संच पन्नास वॅटच्या आसपास वीज घेतो, खालच्या कक्षेची नेहमीची ताटली ७५ ते १०० वॅट. १०० वॅट दहा तास चालवायचे तर एक युनिट वीज झाली. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी कागदावर १.८ युनिट दाखवते, पण इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग आणि बॅटरी पार रिकामी न करण्याचं पथ्य धरलं तर हाती एक युनिटच उरतं. म्हणजे ताटलीने रात्र निघते, पण त्याच बॅटरीवर पंखा आणि टीव्ही लावला की निघत नाही. ताटलीसाठी वेगळी बॅटरी ठेवा, आणि जमल्यास दोन-तीनशे वॅटचं सोलर पॅनेल. ऊन आपल्याकडे मुबलक आहे.

पैसे कोणाला द्यायचे, कोणाला नाही

हा भाग सावकाश वाचा. उपग्रहाची सेवा विकायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. नव्या उपग्रह-सेवांसाठीचा परवाना वनवेबला २०२१ मध्ये, त्यानंतर जिओच्या कंपनीला आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाला. भूस्थिर उपग्रहावरून ह्यूजेस, नेल्को आणि बीएसएनएल बरीच वर्षं सेवा देत आहेत. पण परवाना मिळणं आणि घरोघरी सेवा सुरू होणं यात अंतर असतं. लहरींचं वाटप, सुरक्षेच्या तपासण्या, जमिनीवरची केंद्रं, एवढं सगळं मध्ये येतं. २०२५ संपेपर्यंत स्टारलिंकची घरगुती सेवा देशात सुरू झालेली नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर महिना ८,६०० रुपये आणि संचाला ३४,००० रुपये असे आकडे दिसले आणि लगेच सगळीकडे फिरले. संकेतस्थळातल्या चुकीमुळे दिसलेला तो चाचणीचा मजकूर होता, भारतातले दर ठरलेले नाहीत, असा खुलासा कंपनीनेच केला. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दरपत्रकावर विसंबून कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. दर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी पाहा आणि पावतीवर कंपनीचं पूर्ण नाव व जीएसटी क्रमांक आहे याची खात्री करा.

आगाऊ नोंदणीचा धडा एकदा देशाने घेतलेला आहे. २०२१ मध्ये स्टारलिंकने भारतात ९९ डॉलर घेऊन नोंदणी सुरू केली. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी दूरसंचार विभागाने जाहीर केलं की कंपनीकडे परवाना नाही, लोकांनी पैसे भरू नयेत. आणि पुढे कंपनीला पैसे परत करावे लागले.

परदेशातल्या नातेवाइकाकडून संच मागवण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. आखातात किंवा अमेरिकेत आपली माणसं आहेत, सुटीत येताना बॅगेतून आणतील, असं काही जण बोलतात. विनापरवाना असा संच बाळगणं आणि चालवणं हा गुन्हा आहे. सॅटेलाइट फोनचंही तेच, विमानतळावर तो सापडला तर चौकशीला सामोरं जावं लागतं.

एकट्याने नको, मिळून घ्या

ट्रायने मे २०२५ मध्ये शिफारस केली की उपग्रह कंपन्यांनी महसुलाच्या ४ टक्के शुल्क भरावं आणि खालच्या कक्षेच्या सेवेत शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये द्यावेत. ग्रामीण ग्राहकामागे ते जादा ५०० नकोत. या शिफारशीतला विचार मला पटतो. ही सेवा खेड्यासाठी असली पाहिजे. पण ५०० रुपयांच्या सवलतीने वस्तीवरच्या दुधावर जगणाऱ्या घराला ती परवडणार नाही. परवडेल ती वाटून घेतली तर.

त्यासाठी कायदेशीर वाट आहे. पीएम-वाणी ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केली. तिच्यात एखादं किराणा दुकान, दूध संकलन केंद्र किंवा बचत गट सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो, त्याला वेगळा परवाना लागत नाही. लोक पाच-दहा रुपयांचं कूपन घेऊन डेटा वापरतात. जुन्या एसटीडी-पीसीओच्या बूथने टेलिफोन खेड्यात पोचवला, तसंच हे. उपग्रहाची जोडणी अशी वाटायची असेल तर आधी त्या कंपनीच्या करारात तशी मुभा आहे का ते वाचा. घरगुती योजनेत सहसा नसते, व्यावसायिक योजना घ्यावी लागते. दुसरी वाट म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखड्यात ही जोडणी घालणं, आणि ती शाळा व आरोग्य उपकेंद्र यांच्यामध्ये अशी बसवणं की दोघांनाही वायर पोचेल. उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी सेवेवर डॉक्टरांशी बोलता आलं, तर ताप अंगावर काढणारी म्हातारी विट्याची बस न पकडता औषध घेऊ शकते. माझ्या दृष्टीने वस्तीवरच्या इंटरनेटचा पहिला हक्क तिचा आहे, सिनेमा पाहणाऱ्याचा नंतर.

ताटली सार्वजनिक जागी असली की आपत्तीतही ती उपयोगी पडते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली, रस्ते तुटले. फायबर रस्त्याच्या कडेनेच जातं, त्यामुळे रस्ता वाहून गेला की तेही जातं. टॉवरची वीज आणि डिझेलही त्याच रस्त्याने येतं. उपग्रहाला वाटेतला रस्ता लागत नाही. डोंगरातल्या गावांनी तरी स्वतःची बॅटरी आणि पॅनेल असलेली एक ताटली राखावी आणि दर महिन्याला एकदा ती चालू करून, तहसील कार्यालयाला खरा कॉल लावून बघावा. साध्या मोबाइलवरून थेट उपग्रहाशी बोलण्याचं तंत्रही येतं आहे. बीएसएनएल आणि वायासॅट यांनी २०२४ मध्ये त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यातून सध्या अडीअडचणीचा संदेश जाऊ शकतो. घरच्या ब्रॉडबँडची जागा ते घेणार नाही.

मिळून घेतलेल्या जोडणीचं पहिलं भांडण रिचार्जच्या तारखेवरून होतं, म्हणून ती तारीख, पासवर्ड, संचाचा क्रमांक आणि बसवणाऱ्याचा फोन एका वहीत लिहा आणि वही दोन माणसांकडे नको, एकाकडेच ठेवा. त्या माणसाला थोडंफार मानधन द्या. फुकटची जबाबदारी सहा महिन्यांच्या पुढे टिकत नाही. सेवा बंद पडली तर कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन करून तक्रार क्रमांक त्याच वहीत टिपा. तिथे दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि पुढे जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे. तिथे पावती, लेखी करार आणि तारखांसह वेगाच्या मोजणीचे स्क्रीनशॉट मागितले जातात, म्हणून ताटली बसेल त्या दिवसापासून महिन्यातून दोनदा, रात्री साडेआठला, वेग मोजून स्क्रीनशॉट साठवायला सुरुवात करा.